‘स्नायु’ : एका शारीर संज्ञेचा अर्थ आणि प्रवास

संहितांतील पुष्कळ संज्ञा आज मराठीच्या नित्य व्यवहारात आहेत. धातू, दोष, शीर, सांधा, ओज हे शब्द रुग्णही वापरतो आणि वैद्यही वापरतो. शब्द परिचयाचा असला की त्याच्या अर्थाविषयी शंका येत नाही. मात्र संहितेतील अर्थ आणि बोलीतील अर्थ यांत अंतर पडलेले असेल, तर हाच परिचय निदानात व चिकित्सेत घोटाळा करतो. ‘स्नायु’ ही अशा संज्ञांपैकी एक महत्त्वाची संज्ञा होय. तिचा मूळ अर्थ काय, तो कसा बदलला आणि त्या बदलाचा आपल्या दैनंदिन चिकित्सेशी व औषधविक्रीशी काय संबंध आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रश्न कोठे उद्भवतो?

आमचा व्यवसाय साजगाव परिसरात आहे. बोंबल्या विठोबाच्या कार्तिकी यात्रेमुळे सर्वांना ठाऊक असलेले हे गाव खोपोलीला लागून आहे. एका बाजूस खालापूर-कर्जतची भातशेती आणि दुसऱ्या बाजूस खोपोलीचे कारखाने, असा येथील रुग्णवर्ग. शेतकरी मराठी बोलतो. कारखान्यातील कामगारांत हिंदी भाषकांची संख्या मोठी आहे. त्यामुळे एकच शब्द दोन अर्थांनी कानी पडण्याचा अनुभव येथे वरचेवर येतो.

मराठी रुग्ण ‘स्नायू दुखतात’ म्हणतो तेव्हा त्याला दंड, मांडी, पोटरी यांचे मांस अभिप्रेत असते. शाळेच्या पुस्तकात तो हेच शिकलेला असतो. हृदयाचे स्नायू, ऐच्छिक स्नायू, अनैच्छिक स्नायू हे सर्व शब्दप्रयोग मांसपेशींविषयीचे आहेत. हिंदी भाषक रुग्ण ‘स्नायु की कमज़ोरी’ म्हणतो तेव्हा बहुधा त्याच्या मनात मज्जातंतूंचा, म्हणजे नर्व्हचा विचार असतो. आणि आपण महाविद्यालयात रचनाशारीर शिकताना ‘स्नायु’ म्हणजे लिगामेंट असे पाठ केलेले असते. एका शब्दाचे हे तीन अर्थ तीन वेगवेगळ्या रचनांकडे बोट दाखवितात. यांतील कोणता अर्थ घ्यावयाचा, हा केवळ भाषेचा प्रश्न राहत नाही.

व्युत्पत्ती

धातुपाठात ‘ष्णै’ हा धातू वेष्टन, म्हणजे गुंडाळणे, या अर्थाने दिलेला आहे. जे गुंडाळते, वेढून बांधते ते स्नायु, असा त्यावरून अर्थ निघतो. वैदिक वाङ्मयात या शब्दाचे ‘स्नावन्’ असे रूप आढळते. अथर्ववेदात यक्ष्मनाशनाच्या सूक्तात अस्थी, मज्जा आणि धमनी यांच्या सोबतीने त्याचा उल्लेख येतो. बृहदारण्यक उपनिषदात पुरुषाची तुलना वृक्षाशी केलेली आहे. तेथे मांस म्हणजे सालीखालचा मऊ भाग आणि स्नाव म्हणजे त्याच्या आतील चिवट, घट्ट तंतू असा भेद स्पष्टपणे केला आहे. मांस आणि स्नायु या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, ही जाणीव संहितांच्या आधीपासूनची आहे.

हा शब्द भारतापुरता मर्यादित नाही. अवेस्ता भाषेत त्याचे ‘स्नावर’ असे रूप आहे. ग्रीक ‘न्यूरॉन’ आणि लॅटिन ‘नर्व्हस’ हे शब्दही याच कुळातील मानले जातात. आज न्यूरॉन म्हटले की मज्जापेशी आठवते. परंतु प्राचीन ग्रीक भाषेत न्यूरॉन म्हणजे दोरीसारखी चिवट शीर, धनुष्याची तात. ॲरिस्टॉटलनेही हा शब्द त्याच अर्थाने वापरला. इसवीसनपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथे हिरॉफिलस व इरॅसिस्ट्रेटस यांनी शवविच्छेदनातून मेंदूशी निगडित असलेले तंतू वेगळे ओळखले. तरी त्यांनाही जुनेच नाव लागले. बंधनवाचक शब्द संवेदनावाचक कसा झाला, याचे हे उत्तम उदाहरण आहे. आपल्याकडे तोच शब्द बंगाली व हिंदीत त्याच वाटेने गेलेला दिसतो, आणि मराठीत मात्र तिसऱ्या वाटेने.

संहितोक्त स्नायु

सुश्रुताने शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात स्नायूंची संख्या 900 सांगितली आहे. त्यांपैकी 600 शाखांत, 230 कोष्ठात आणि 70 ग्रीवेच्या वर. त्याच अध्यायात पेशींची संख्या मात्र स्वतंत्रपणे 500 दिली आहे. चरकाने स्नायु 900 आणि पेशी 400 मानल्या आहेत. पेशींच्या संख्येविषयी दोन्ही आचार्यांत मतभेद आहे. पण स्नायु आणि पेशी या भिन्न रचना आहेत, याविषयी मतभेद नाही.

सुश्रुताने स्नायूंचे चार प्रकार केले आहेत. प्रतानवती, म्हणजे फाटे फुटलेल्या, या शाखांत व सर्व संधींच्या ठिकाणी असतात. वृत्त, म्हणजे वाटोळ्या, त्यांनाच कंडरा म्हणावे. पृथु, म्हणजे रुंद, या पार्श्व, उर, पृष्ठ व शिर येथे असतात. सुषिर, म्हणजे पोकळ, या आमाशय, पक्वाशय व बस्ती यांच्या टोकांशी असतात. आजच्या परिभाषेत प्रतानवतींना लिगामेंट, वृत्तांना टेंडन आणि पृथूंना ॲपोन्युरोसिस म्हणता येईल. सुषिर स्नायु मात्र आशयांच्या मुखाशी असलेल्या वलयांसारख्या वाटतात, आणि ती वलये आधुनिक शास्त्रानुसार मांसमय आहेत. अर्थात ‘स्नायु म्हणजे लिगामेंट’ हे पाठांतरही पुरेसे नाही. चारही प्रकारांत समान आहे ते बांधण्याचे, आवळून धरण्याचे कर्म.

हे कर्म समजावून देण्यासाठी सुश्रुताने नौकेचा दृष्टान्त योजला आहे. फळ्या अनेक बंधनांनी घट्ट जखडल्या म्हणजे नाव माणसांसह भार वाहून नेऊ शकते. तद्वत संधी अनेक स्नायूंनी बांधलेले असतात म्हणून देह भार सहन करतो. यापुढे जाऊन तो सांगतो की अस्थी, पेशी, सिरा किंवा संधी यांच्या आघातापेक्षा स्नायूचा आघात शरीरास अधिक घातक ठरतो. जो वैद्य बाह्य व आभ्यंतर स्नायु जाणतो, तोच खोल रुतलेले शल्य बाहेर काढू शकतो, असेही त्याचे मत आहे.

याखेरीज आणखी तीन प्रमाणे लक्षात घेण्याजोगी आहेत.

पहिले उत्पत्तीचे. चरकाने धातू-उपधातूंच्या विवेचनात मांसापासून वसा व सहा त्वचा, तर मेदापासून स्नायु उत्पन्न होतात असे म्हटले आहे. सुश्रुतानेही मेदाच्या स्नेहापासून सिरा व स्नायु होतात, आणि सिरांचा पाक मृदू तर स्नायूंचा खर असतो, असे सांगितले आहे. स्नायु हा मांसाचा भाग तर नाहीच, पण मांसाचा उपधातूही नाही.

दुसरे गर्भावयवांचे. स्थिर, कठीण भाव पितृज आणि मृदू भाव मातृज, या वर्गवारीत अस्थी, नख, दंत यांच्या पंक्तीत स्नायु पितृज, तर रक्त, मेद, मज्जा यांच्या पंक्तीत मांस मातृज मानलेले आहे.

तिसरे व्यवहारातील. सीवनकर्मासाठी सूत्र, शण, क्षौम, केस इत्यादींबरोबर सुश्रुताने स्नायूचाही धागा सांगितला आहे. ज्याने जखम शिवता येते ती वस्तू मांस असणे शक्य नाही.

मग संभ्रम का झाला?

संहितांतही काही स्थळे अशी आहेत की जेथे स्नायु म्हणजे नर्व्ह असे वाटावे. चरकाने स्नायुगत वातात बाह्यायाम, अभ्यंतरायाम, खल्ली, कुब्जत्व, एकांगरोग व सर्वांगरोग सांगितले आहेत. सुश्रुताने स्तंभ, कंप, शूल व आक्षेप ही लक्षणे दिली आहेत. यांतील काही विकृती आज आपण मज्जासंस्थेच्या म्हणून ओळखतो.

याचे कारण आमच्या मते शवपरीक्षणाच्या पद्धतीत आहे. सुश्रुताच्या विधीनुसार शव गवत, वल्कल इत्यादींनी वेष्टून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात सात रात्री कुजवावयाचे आणि नंतर वाळा, बांबू यांच्या कुंच्यांनी हळूहळू घासत एकेक थर पाहावयाचा. अशा शवात मांस लवकर विरते आणि चिवट पांढऱ्या दोऱ्या मागे राहतात. त्यांत कंडरा असते, संधिबंधन असते आणि मज्जातंतूही असतो. नुसत्या डोळ्यांनी त्यांत भेद करणे अवघड. ग्रीकांकडेही एकाच शब्दात दोन्ही रचना आल्या त्या याच साम्यामुळे. म्हणून स्नायु या शब्दाच्या परिघावर मज्जातंतू येतो हे मान्य करावयास हरकत नाही. मांसपेशी मात्र त्या परिघात येत नाही. तिला संहितेने आरंभापासून वेगळे नाव दिलेले आहे.

आधुनिक काळात महामहोपाध्याय गणनाथ सेन यांनी ‘प्रत्यक्षशारीरम्’ या ग्रंथात ही परिभाषा पुन्हा बांधून घेतली. 1913 पासून प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात मसलसाठी पेशी, लिगामेंटसाठी स्नायु, टेंडनसाठी कंडरा व नर्व्हसाठी नाडी अशी व्यवस्था आहे. ग्रंथकर्ते बंगालचे आणि बंगालीत स्नायु म्हणजे नर्व्ह. तरीही त्यांनी बोलीतील अर्थ बाजूस ठेवून संहितेचा अर्थ स्वीकारला, हे विशेष होय. आपल्या अभ्यासक्रमात हीच परिभाषा रुळली. शालेय मराठीने मात्र स्नायू म्हणजे मसल, अस्थिबंध म्हणजे लिगामेंट आणि चेता किंवा मज्जातंतू म्हणजे नर्व्ह अशी वेगळी व्यवस्था केली. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी पहिल्या वर्षी एक शब्द पुसून दुसऱ्या अर्थाने शिकतो आणि पदवी घेऊन रुग्णांत आला की पुन्हा पहिला अर्थ वापरू लागतो.

मराठीने जपलेला जुना अर्थ : नारू

मराठीने मूळ अर्थ अगदीच सोडला असे मात्र नाही. संस्कृत स्नायूचे पाली भाषेतील रूप ‘न्हारु’ किंवा ‘नहारु’ असे आहे. बौद्ध वाङ्मयातील देहाच्या बत्तीस भागांच्या गणनेत मांस, न्हारु, अस्थी असा क्रम येतो. तेथेही मांस व न्हारु वेगळे आहेत. याच प्राकृत परंपरेतून मराठीत आलेला शब्द म्हणजे ‘नारू’.

अशुद्ध पाण्यातून पोटात जाऊन पायाच्या त्वचेतून दोऱ्यासारखा बाहेर पडणाऱ्या कृमीचे हे नाव. वृंदाच्या सिद्धयोगात आणि पुढे भावप्रकाशात हाच विकार ‘स्नायुक’ या नावाने वर्णिलेला आहे. तंतूसारखा दिसणारा तो स्नायुक. तो ओढताना तुटल्यास शोथ वाढतो व पाय अधू होऊ शकतो, ही सूचनाही तेथे आहे. काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा नारू काढण्याची पद्धत जुन्या पिढीने पाहिलेली आहे. पायऱ्यांच्या विहिरी बुजविणे, पाणी गाळून पिणे अशा उपायांनी या रोगाचे आपल्या देशातून उच्चाटन झाले. जुलै 1996 मध्ये राजस्थानात शेवटचा रुग्ण आढळला आणि फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. रोग गेला आणि त्याबरोबर हा शब्दही विस्मरणात चालला आहे. परंतु स्नायु म्हणजे दोरी, तात, तंतू हा अर्थ तद्भव शब्दाने शेकडो वर्षे सांभाळला आणि संस्कृतातून पुन्हा उचललेल्या तत्सम शब्दाने तो सोडला, हे भाषेच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

चिकित्सेतील भेद

आता मुख्य मुद्दा. सुश्रुताने वातव्याधिचिकित्सेत स्नायु, संधी व अस्थी येथे गेलेल्या वातावर स्नेहन, उपनाह, अग्निकर्म, बंधन व उन्मर्दन सांगितले आहे. त्वचा, मांस, रक्त व सिरा येथे गेलेल्या वातावर मात्र रक्तमोक्षण सांगितले आहे. चरकाने मांसमेदस्थ वातात विरेचन, निरूह व शमन हा क्रम दिला आहे. अग्निकर्मातही द्रव्यभेद आहे : मांसगत विकारात जांबवौष्ठ व अन्य धातूंच्या शलाका, सिरा, स्नायु, संधी, अस्थी यांच्या विकारात मध, गूळ व स्नेह. ‘स्नायुगत’ या शब्दाचे मराठी वळणाने ‘मांसगत’ असे भाषांतर मनात झाले, तर संपूर्ण चिकित्सासूत्र बदलते.

मर्मविचारातही हेच आहे. 107 मर्मांपैकी मांसमर्मे 11 आणि स्नायुमर्मे 27 आहेत. पोटरीच्या मध्यावरील इंद्रबस्ती हे मांसमर्म. घोट्याच्या सांध्याखाली दोन्ही बाजूंस असलेले कूर्चशिर हे स्नायुमर्म. कूर्चशिरास आघात झाला असता वेदना व शोथ होतात असे सुश्रुत म्हणतो. पाय मुरगळल्यावर आपण जे पाहतो ते याहून वेगळे नाही.

या ठिकाणी एक उदाहरण देणे उपयुक्त होईल. भातलावणीच्या दिवसांत बांधावरून पाय घसरलेली, चाळिशीतील एक शेतकरी स्त्री आमच्याकडे आली. घरी ‘स्नायू आखडला’ असे ठरवून आठ दिवस गरम तेलाने जोराने चोळले होते. सूज वाढली होती आणि पाऊल टेकवत नव्हते. पोटरी दाबून पाहता मऊ व वेदनारहित होती. वेदना बाहेरच्या घोट्याच्या खाली व पुढे, नेमकी कूर्चशिराच्या जागी होती. क्ष-किरण तपासणीत अस्थिभग्न नव्हते. मर्दन पूर्ण थांबविले, पाय उंच ठेवण्यास सांगून घट्ट पट्टबंधन केले, पोटात लाक्षादि गुग्गुळ दिला. सूज उतरल्यावर उपनाह व हलका अभ्यंग सुरू केला. तीन आठवड्यांत ती आधाराशिवाय चालू लागली. चिखलातील कामावर जाण्यास सहा आठवडे लागले. मांसाचा आखडलेपणा अभ्यंग-स्वेदाने दोन दिवसांत सुटतो. फाटलेल्या बंधनाला प्रथम बांधून ठेवणे आवश्यक असते. सुश्रुताच्या यादीतील ‘बंधन’ हा शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचा आहे. उन्मर्दनही त्याच यादीत आहे हे खरे. पण ते वातप्रधान, जीर्ण अवस्थेसाठी. नव्या आघातात, शोथ असताना, ते वर्ज्यच मानावे.

औषधविक्रेत्यांसाठी

औषधालयाच्या फडताळावर हा संभ्रम अधिक दिसतो. आपल्या दुकानांत महाराष्ट्राबरोबरच गुजरात, बंगाल व उत्तर भारत येथील निर्मात्यांची औषधे असतात. गुजराती व कन्नड भाषांत मराठीप्रमाणेच स्नायु म्हणजे मांसपेशी, बंगालीत नर्व्ह, हिंदीत लोकव्यवहारात नर्व्ह, तर शास्त्रीय परिभाषेत लिगामेंट. त्यामुळे वेष्टनावरील ‘स्नायु-दौर्बल्य’ हा शब्द वाचून मांड्या बारीक झालेल्या शेतकऱ्याला ताकदीचे औषध म्हणून जे दिले जाते, ते निर्मात्याने मज्जातंतूंसाठी योजलेले असू शकते. याउलट पायांना मुंग्या, बधिरता व दाह असलेला मधुमेही ‘स्नायूंचे तेल’ मागतो, त्याला वेदनाहर तेल दिले जाते आणि रक्तशर्करेची तपासणी मात्र राहून जाते. दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे, कारण बधिर पायाची जखम रुग्णाला कळत नाही.

काही सूचना

एक. रुग्णाने ‘स्नायू’ किंवा ‘शीर’ हा शब्द वापरला की त्याला बोटाने जागा दाखविण्यास सांगावे. शिरेवर शीर चढली, लचक भरली, उसण भरली, पेटका आला, मुंग्या येतात या बोलींतील वर्णनांत ‘स्नायू’ या शब्दापेक्षा अधिक अर्थ भरलेला असतो; ती जशीच्या तशी केसपेपरवर लिहावीत.

दोन. मांसाच्या मध्यभागी दुखते, दाबल्यास गोळा लागतो, तर पेशी. सांध्याजवळ दुखते, विशिष्ट दिशेने हालचाल केल्यास वाढते, सांधा सैल वाटतो, तर स्नायु. मुंग्या, बधिरता, शक्तिक्षय किंवा पाठीतून पायात उतरणारी कळ असेल, तर मज्जातंतूंची परीक्षा करावी. अकस्मात आलेले अंगाचे दौर्बल्य, वाकडे झालेले तोंड किंवा मलमूत्रावरील ताबा सुटणे यांत विलंब न करता रुग्णास रुग्णालयात पाठवावे.

तीन. व्यवस्थापत्रावर व अन्य वैद्यांस लिहिलेल्या पत्रात नुसते ‘स्नायू’ लिहू नये. मांसपेशी, संधिबंधन, कंडरा किंवा मज्जातंतू असा नेमका शब्द लिहावा. संहितेचा अर्थ अभिप्रेत असेल तेथे ‘स्नायुगत वात’ असे पूर्ण निदान लिहावे.

चार. औषधविक्रेत्यांनी वेष्टनावरील ‘स्नायु’ शब्दावर न थांबता घटकद्रव्ये व अधिकार पाहावा आणि शंका असल्यास व्यवस्थापत्र देणाऱ्या वैद्यास विचारावे.

मराठी भाषेने स्नायू या शब्दाला दिलेला अर्थ आता रूढ झालेला आहे. तो बदलण्याचा आग्रह धरणे व्यर्थ आहे. भाषा लोकांची असते. परंतु संहिता वाचताना आपण लोकभाषेचा अर्थ बरोबर घेऊन जाऊ नये आणि रुग्णाशी बोलताना संहितेचा अर्थ त्याच्यावर लादू नये. या दोन अर्थांमधील अंतर ओळखून नेमका अवयव शोधणे हे वैद्याचे काम आहे. धमनी, सिरा, नाडी, क्लोम या संज्ञांचाही असाच विचार होणे आवश्यक आहे. वैद्यबंधूंनी व भगिनींनी आपापल्या भागातील बोलींत या अवयवांना काय म्हणतात याची टिपणे ठेवली, तर निदानास मोठे साहाय्य होईल.